मास्तरांची लाइन

१४ जून

ताई,

पत्रात आधी समोरच्याची तब्येत विचारावी, आपलं रडगाणं मागून, असं शाळेत सिस्टर शिकवायच्या. तेव्हा सांग, तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून मधल्या वळणावर थांबतेस का, आणि कुणी बघितलं तर पिशवीत किल्ली शोधत असल्यासारखं करतेस का? दोन वर्षं झाली तुला बघून, म्हणून विचारलं.

आता भावजींना रागावू नकोस. काल त्यांचाच फोन आला होता. जिन्यात उभं राहून बोलत होते. कुणाची चाहूल लागली की मोठ्याने म्हणायचे, "हो हो, साठ वॅटचाच द्या." मी बल्ब कशाला देऊ हे मला आधी कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं.

आई प्लंबरची माफी मागते म्हणे. त्याचा हात धरून. "मास्तर, तुमची लाइन चालू होती हो. मी बंद आहे म्हणून सांगितलं. खोटं बोलले तुमच्याशी." आणि तो बिचारा पाना सावरत म्हणतो, "आजी, मी नळाला आलोय." मग डॉक्टरांची माफी. मग पेपरवाल्याची. भावजींची तर रोजच. "मी हल्ली मास्तर होऊन माफ करून टाकतो," ते म्हणाले, "पण तिला पटत नाही. आवाज वेगळा आहे म्हणते."

हा मास्तर कोण ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. तो कुणीच नाही. माझ्या कादंबरीच्या नवव्या प्रकरणात तो आहे, त्याबाहेर कुठेही नाही. त्या प्रकरणात टेलिफोन एक्स्चेंजवर काम करणारी एक बाई दर बुधवारी एका शाळामास्तराचा ट्रंक कॉल परगावच्या एका बाईला जोडून देते, आणि जोडल्यावर आपला हेडफोन तोडणारी कळ वर करायची सोडून ऐकत बसते. त्या आवाजात इतकी गुंतते की एका बुधवारी, लाइन चालू असताना, "बंद आहे" म्हणून सांगते. मास्तर पुन्हा फोन करत नाही. एवढंच प्रकरण.

पुस्तकातली बाई म्हणजे आई नव्हे, हे मी तुला तेव्हाही सांगितलं होतं. पुस्तकातल्या बाईचे डोळे घारे आहेत. आता आईची देखभाल करणाऱ्या नर्सबाईंनी ते पुस्तक तिला वाचून दाखवलं, पहिल्या पानावर "आईस" असं छापलेलं बघून आईला बरं वाटेल म्हणून वाचून दाखवलं, त्याला मी काय करणार? आईच्या डोक्यात आता कालचं आणि चाळीस वर्षांपूर्वीचं एकत्र कालवलं जातंय, त्यात हेही गेलं. शिवाय ते पुस्तक आता कुठे मिळतही नाही. लोक विसरले. आईही विसरेल.

एक मात्र कळलं नाही. पुस्तक दारातही येऊ देणार नाही असं तू म्हणाली होतीस. मग ते तुझ्या कपाटात, स्वेटरांच्या खाली, खाकी कव्हर घालून कसं? भावजी म्हणाले, कोपरे अगदी मुडपून घातलंय. शाळेत माझ्या पुस्तकांना तूच घालून द्यायचीस, तसं.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझी,
धाकटी


२ जुलै

ताई,

तुझं कार्ड मिळालं. "गुडघे ठीक. आई दुपारची जेवत नाही. तू येऊन बघ असं म्हणणार नाही, कारण बघितलंस की लिहिशील."

मी ते टेबलावर पालथं घातलं आणि भांडी घासायला गेले. परत येऊन पुन्हा वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, सिस्टरांनी फूटपट्टी मारून वळवलेलं. त्या अक्षरात इतकं बोचरं लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं.

तू विचारलेलं नाहीस, तरी ते प्रकरण कसं झालं ते सांगते. सांगितल्याशिवाय मला पुढचं काही लिहिता येणार नाही.

कादंबरी पहिल्यांदा लिहिली तेव्हा त्यात मास्तर नव्हता. आई होती. लाइनी जोडायचा दोऱ्यांचा बोर्ड, कानावर हेडफोन, ड्यूटीवरून आल्यावर केसांवर राहिलेली त्याची आडवी खूण, आणि आपल्या दोघींची फी भरायची म्हणून घेतलेल्या जादा पाळ्या. संपादकांनी बाड परत दिलं. म्हणाले, "बाई, तुमची आई फोटोच्या चौकटीतली आहे. तिच्या मागे भिंत आहे, माणूस नाही. हिला एक चूक द्या. वाचक चुकीतूनच आत शिरतो."

आणि ते बरोबर बोलत होते, ताई, हीच तर पंचाईत आहे. वाचनालयातल्या माझ्या शनिवारच्या वर्गात मी हेच शिकवते. भल्या माणसाला एक चूक द्या. दुष्टाला एक हळवी जागा द्या. प्रत्येकाच्या खिशात असं काहीतरी ठेवा की जे त्याने कुणालाही दाखवलेलं नाही. मग माणूस कागदावरून उठून बसतो, नाहीतर कापून काढलेल्या चित्रासारखा चपटा पडून राहतो. फळ्यावर लिहून देते, मुलं उतरवून घेतात. मुलं म्हणजे कसली, निम्मे पेन्शनर आहेत.

तर मी घरी येऊन आईच्या चुका आठवायला बसले. एकही आठवेना. आठवायचं ते भलतंच. शेजारचं कुणी आपल्याकडे फोन करायला आलं की आई नंबर लावून द्यायची, रिसीव्हर त्यांच्या हातात ठेवायची आणि आपल्याला म्हणायची, "गॅलरीत चला." स्वतःही यायची आणि दार ओढून घ्यायची. कडाक्याच्या थंडीतसुद्धा. तू दात वाजवत विचारायचीस, "अजून किती वेळ?" आई म्हणायची, "त्यांचं होईपर्यंत." मी काचेला कान लावायला गेले की टपली बसायची. "जोडून द्यायचं आणि बाहेर पडायचं. आपलं काम तेवढंच."

एवढ्या सरळ बाईचं मी काय करू? मग तिच्यात जे सगळ्यांत सरळ होतं, तेच धरून वाकवलं. दुपारचं जेवण उरकून बसले आणि दिवे लागायच्या आत प्रकरण पुरं झालं. इतकं सहज माझ्या हातून कधी काही उतरलं नव्हतं. लोकांनी सगळ्यात जास्त उचलून धरलं तेही तेच. "काय जिवंत बाई उभी केलीत हो!" मला ते ऐकायला आवडायचं. हेही लिहून टाकते.

घाऱ्या डोळ्यांचं जे लिहिलं होतं ते विसर. डोळे सोडून बाकी सगळी आईच आहे, हे एक्स्चेंजमधल्या तिच्या मैत्रिणींनी पहिल्या दोन पानांतच ओळखलं असणार. त्यांच्यातल्या एकीने तिला भेटायला येणं का बंद केलं, असं तू मला तेव्हा विचारलं होतंस. मी म्हणाले होते, वय झालं असेल.

सोबत आईसाठी वेगळं पत्र ठेवलंय, मोठ्या अक्षरात. त्यात लिहिलंय की मास्तर मी रचला, तू कधी कुणाचं बोलणं ऐकलं नाहीस, चूक माझी आहे. तूच वाचून दाखव. नर्सबाई वाचताना आवाज काढतात म्हणे.

तुझी,
धाकटी


१८ जुलै

ताई,

या वेळी कार्ड नाही, पाठपोट लिहिलेला कागद! उघडताना मला आनंदच झाला. वाचायच्या आधी.

आईला माझं पत्र वाचून दाखवलंस, तिने सगळं नीट ऐकून घेतलं, घडी घालून उशीखाली ठेवलं, आणि म्हणाली, "धाकटी पहिल्यापासून अशीच. मला पाठीशी घालते." आणि मग जास्तच रडली, आपल्यामुळे पोरीला खोटं लिहावं लागलं म्हणून.

काय करू मी, ताई? आयुष्यभर खोटं लिहिलं ते लोकांनी खरं मानलं, आणि एकदाच खरं लिहिलं तर आईनेच खोटं ठरवलं.

पुढे तू लिहिलंयस ते मी इथे पुन्हा उतरवते, म्हणजे मी ते वाचलं याची तुला खात्री पटेल. "चूकच हवी होती तर मला विचारायचंस. आईच्या चुका माझ्याकडे ढीगभर आहेत, रोजच्या वापरातल्या. ती पत्त्यांत लबाडी करते. अजून करते. पानं मांडीखाली सरकवते आणि पकडलं की मलाच म्हणते, तुझी नजर वाईट. ती चांगली बिस्किटं औषधाच्या डब्यात लपवते. खालच्या मजल्यावरच्या बाईंशी एका बादलीवरून ती तीन वर्षं बोलली नाही, आणि बादली आपल्याच घरात सापडल्यावरही बोलली नाही. मला ती कधी 'छान' म्हणाली नाही, एकदाही नाही. तुला म्हणायची. यातलं काही तुला दिसलं नाही, कारण तू सुट्टीतल्या पाहुणीसारखी यायचीस आणि ती तुझ्यासाठी चौकटीत जाऊन बसायची. मी रोज घरात होते. चौकटीतून उतरलेली बाई मी सांभाळलीय."

शेवटचं वाचून मी चष्मा काढून ठेवला.

पत्त्यांचं मला आठवलं, ताई! तू लिहिल्याबरोबर आठवलं. मांडीखालचा तो एक्का. "तुझी नजर वाईट" म्हणताना डावी भुवई वर. आपण दोघी जमिनीवर लोळून हसलेलो. एवढं सगळं माझ्याकडे होतं आणि आईची चूक शोधताना मला ते चूक म्हणून दिसलंच नाही. ते कादंबरीत घालण्यासारखं वाटलं नसेल. मला काहीतरी मोठं हवं होतं, वाचकाच्या डोळ्यांत पाणी येईल असं.

शनिवारी वर्गात काय झालं ते सांगते. आमच्या वर्गात एक दातांची डॉक्टरीण येते. दवाखाना बंद करून थेट येते, अंगाला लवंगेचा वास असतो. मी फळ्यावर "भल्या माणसाला एक चूक द्या" असं लिहिलं, नेहमीसारखं. तिने हात वर केला. "मॅडम, ही चूक आणायची कुठून? त्याच्याच तोंडातली, की दुसऱ्याची काढून बसवायची?" सगळे हसले, मीही हसले. ती गंभीरच. "नाही, म्हणजे दुसऱ्याची बसवली तर हिरडी सुजते हो."

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं आणि वर्ग लवकर सोडला.

परतताना बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर दोघीजणी होत्या. एक म्हणत होती, "मी त्याला स्पष्ट विचारलं, ठेवणार आहेस का नाही?" मी मान सीटला टेकवली, डोळे मिटले, झोपल्यासारखं केलं आणि ऐकत राहिले. माझा थांबा मागे गेला. पुढच्या थांब्याला उतरून उलटी चालत यायला लागले आणि रस्त्यातच पाय थांबले. एक दुकानदार शटर ओढत होता, तो म्हणाला, "काय हवंय, मावशी?" मी म्हटलं, काही नाही.

लहानपणी आई मला काय म्हणायची आठवतं का तुला? कानोसा. "आमचा कानोसा कुठे गेला?" दाराआड, टेबलाखाली, जिन्यात. दुसऱ्यांचं बोलणं ऐकत आले, त्यावरच माझं पोट भरलं, नाव झालं. त्या प्रकरणातली हेडफोन घालून डोळे मिटणारी बाई इतकी सहज का उतरली ते मला त्या रस्त्यात कळलं. माझ्या तोंडातली काढून मी आईला बसवली.

आणखी एक. हे मी तुला सांगणार नव्हते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की पुस्तक कुठे मिळत नाही, लोक विसरले. खोटं आहे. दुसरी आवृत्ती छापायला गेलीय. मुखपृष्ठ नवीन केलंय, त्यावर दोऱ्यांचा बोर्ड आणि हेडफोन घालून, डोळे मिटून ऐकत बसलेली बाई. सुंदर चित्र आहे. तुला पहिलं पत्र पेटीत टाकून आले, त्याच दुपारी मी त्या चित्राला होकार कळवला. भावजींनी सगळं सांगितल्यानंतर. आई प्लंबरचा हात धरून रडते हे माहीत असताना.

शाळेत शिक्षा म्हणून शंभर ओळी लिहायला लावायच्या, "मी पुन्हा असं करणार नाही." तू माझ्या निम्म्या लिहून द्यायचीस. ही पुरी मलाच लिहायची आहे.

तुझी,
धाकटी


३० जुलै

ताई,

तू "आणखी एक सोंग?" असं विचारलंस ते बरोबर आहे. हे सोंगच आहे. पण मला दुसरं काही येत नाही गं.

मधल्या चिठ्ठीत कळवलं तेच पुन्हा एकदा सांगते. भावजींच्या तोंडून मास्तर आईला पटत नाही, कारण मास्तराचा आवाज प्रकरणात मी चांगला रंगवून ठेवलाय. पण परगावच्या त्या बाईचा आवाज आईने ऐकलेलाच नाही. पुस्तकात तिचं एक वाक्यसुद्धा नाही, दुसऱ्या टोकाचं नुसतं "हॅलो" आहे ती. मग ती बाई कुणाच्याही आवाजात बोलू शकते. माझ्यासुद्धा. मी तुझ्याकडे फोन करीन, तू तो आईच्या हातात दे. मी ती बाई होऊन सांगीन की त्या बुधवारी काही बिघडलं नाही, मास्तर पुढच्याच आठवड्यात स्वतः आले, आमचं सगळं छान झालं, तुमच्याबद्दल आमच्या मनात काही नाही.

तुझं कार्ड चार दिवसांपूर्वी आलं. "सात तारखेला, बुधवारी चार वाजता. हे म्हणतात म्हणून. एकदाच." एवढंसुद्धा मिळेल असं वाटलं नव्हतं.

तेव्हापासून मी त्या बाईवर काम करतेय. हसू नकोस. म्हणजे हस. ती काय करते? शिलाई मशीन दुरुस्त करते, वडिलांचं दुकान होतं. बोटांना तेलाचा वास येतो म्हणून हात पाठीमागे धरून बोलायची सवय. रागावली की आवाज खाली जातो. तिच्या खिशात काय? एक बटण, मास्तरांच्या कोटाचं, परत द्यायचं राहून गेलेलं. चार दिवसांत ती मला इतकी दिसायला लागली की काल भाजी चिरताना मी तिच्या आवाजात कुणाला तरी "थांबा हं" म्हटलं. घरात कुणी नव्हतं.

लाज वाटते सांगायला, पण मजा येतेय. आई तिकडे जेवत नाही आणि मला इकडे बटण सुचल्याचा आनंद.

तीन पानं लिहून काढलीत. कुठे थांबायचं, कुठे आवंढा गिळायचा, तेही.

छपाई थांबवा असं छापखान्याला अजून कळवलेलं नाही. रोज सकाळी फोन हातात घेते.

तुझी,
धाकटी


८ ऑगस्ट

ताई,

काल तू तिथेच होतीस, तरी लिहिते. माझ्या टोकाला काय ऐकू आलं ते तुला ठाऊक नाही.

चारला मी फोन लावला. तू "हं" म्हणालीस. दोन वर्षांनी तुझा पहिला शब्द, तोही शब्द म्हणावा की नाही असा. मग खुडबुड झाली आणि मग आईचा आवाज आला.

"एक्स्चेंज."

मी हातातली पानं घट्ट धरली. भावजी सांगतात तो रडवेला, पुसट आवाज नव्हता हा. हा ड्यूटीचा आवाज होता, इस्त्री केलेला. आपण शाळेतून एक्स्चेंजवर डबा द्यायला जायचो तेव्हा दाराबाहेर ऐकू यायचा तो.

"कुठला नंबर देऊ?"

"मी," म्हटलं, त्या बाईच्या आवाजात, "मास्तरांच्या ओळखीची बोलतेय. परगावहून. मला तुमच्याशीच बोलायचं होतं. त्या बुधवारी तुम्ही जे—"

"थांबा, बाई."

"नाही, ऐकून तरी घ्या. त्या बुधवारी लाइन—"

"मला सांगू नका," आई म्हणाली. रागाने नाही. एखाद्याच्या ताटातलं सांडत असेल तर आपण हात पुढे करतो, तसं. "माझ्याशी बोलायचं नसतं. त्यांचं त्यांना सांगा. आहेत ते लाइनवर. किती दिवस वाट बघताहेत. जोडून देते हं."

"अहो पण मला तुम्हालाच—"

"बोला," आई म्हणाली.

आणि रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. हळूच ठेवला, लाइन तुटू नये असा. खुर्ची सरकली. सपाता घासत गेल्या. लांबून तिचं बोलणं ऐकू आलं, "चला गं, गॅलरीत चला. तूही ऊठ. त्यांचं होऊ दे." मग दार ओढल्याचा आवाज, कडी, आणि मग काहीच नाही.

मी तीन पानं घेऊन बसले होते, ताई. आवंढा कुठे गिळायचा ते लाल पेनाने लिहिलेली. तिकडे कुणी नव्हतं. ती खरोखरच निघून गेली होती. प्रकरणभर मी जिला कळ वर न करता ऐकत बसवली, तिच्या हातात लाइन आली, आणि ती ज्याच्यासाठी एवढी रडते तो मास्तर लाइनवर असताना ती उठून बाहेर गेली. डोक्यात माझं सगळं खोटं भरलेलं असूनही.

मी त्या मोकळ्या लाइनवर म्हटलं, "आई, तू कधीच ऐकलं नाहीस." माझ्या स्वतःच्या आवाजात. इतकं खरं वाक्य, आणि ऐकायला कुणी नाही. तिने ऐकायला नको हेच बरोबर होतं.

किती वेळ गेला माहीत नाही. मग तू उचललास.

"मला पण ओढून नेलं तिने," तू म्हणालीस. "म्हटलं पाणी पिऊन येते." मग म्हणालीस, "बोल."

"काय बोलू?"

"मला काय माहीत? फोन तू केलायस."

मी रडायला लागले, आणि तू म्हणालीस, "हे पण लिहून ठेवलं होतंस का?" तेव्हा मला हसू आलं. तुलाही आलं, दाबलंस तरी ऐकू आलं. मी गुडघे विचारले, तू म्हणालीस एक गेलाय, एक जायच्या वाटेवर आहे. मी म्हटलं, आई तुला कधी छान म्हणाली नाही हे मला खरंच माहीत नव्हतं. तिकडे पाण्याचा ग्लास ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणालीस, "माहीत असतं तर तेही घातलं असतंस." मी म्हटलं, "हो, घातलं असतं." पहिल्यांदाच मी तुला सरळ उत्तर दिलं असेन.

आणि मग काचेवर टकटक झाली. आई बाहेरून विचारत होती, "झालं का त्यांचं?"

"नाही अजून!" तू ओरडलीस.

"होऊ दे, होऊ दे. घाई नाही."

माझ्या आठवणीत आता हे वरचं सगळं पुसट झालं तरी चालेल, तेवढं एक राहू दे.

आज सकाळी उठल्याबरोबर संपादकांना फोन केला. नववं प्रकरण काढायचं म्हटलं, आणि मुखपृष्ठावरची बाईही. ते म्हणाले, "छपाईला कागद लागलाय, बाई. आणि ते प्रकरण काढलं तर तुमची नायिका सपाट होईल." मी म्हटलं, पत्त्यांत लबाडी करते म्हणून लिहीन. ते म्हणाले, "त्याने काय होणार?" मी म्हटलं, काही होणार नाही. ते फार चिडलेत. पुस्तक निघेल की नाही सांगता येत नाही. बाजारात पहिल्या आवृत्तीच्या प्रती आहेतच, त्या काही मला घरोघरी जाऊन परत आणता येणार नाहीत. आईच्या त्या मैत्रिणीकडे मात्र जाऊन येणार आहे. तिचा पत्ता तुझ्याकडे असेल तर कळव. तिच्यासमोर काय बोलायचं ते लिहून नेणार नाही.

पत्त्यांचं लिहू का, हे मात्र तुला विचारते. ते तुझ्याकडचं आहे. नाही म्हणालीस तर नाही.

हे पत्र बंद करत होते तेवढ्यात भावजींचा फोन आला. जिन्यातून नाही, घरातून. मागे तुझी भांडी वाजत होती. म्हणाले, आईने आज सकाळी त्यांना चहा पिताना विचारलं, "काय मास्तर, लागला ना काल फोन?"

भावजी म्हणाले, "लागला."

"बराच वेळ बोललात."

"हो, बराच वेळ."

आईने बिस्किट चहात बुडवलं. औषधाच्या डब्यातलं असणार. भावजी पुढे काहीतरी सांगायला लागले, तिला बरं वाटावं म्हणून, तेव्हा तिने दुसरा हात वर केला.

"नका नका," म्हणाली. "काय बोललात ते मला सांगू नका."

तुझा,
कानोसा